सहा पांढरे पेले

त्या सकाळी भोईरांच्या खळ्यावर होते ते असे: एक विहीर, गोल, दगडी बांधणीची, तोंडाशी दहा फूट रुंद. तिच्या उत्तरेला मोटेची धाव, दक्षिणेला धुण्याचा धोंडा. दोन आंबे, त्यांतला फळणारा एक. चार बाजा, तीन घरांतून आणलेल्या. एका बाजेवर धुतलेली चादर, चादरीवर लाकडी पेटी, आणि पेटीतून काढून ओळीने मांडलेले सहा पांढरे पेले व एक काळा. विहिरीच्या काठावर हळदकुंकवाची बोटे, अजून ओली. पुरुष पंधरा. बायका अकरा, प्रत्येकीच्या हातात किंवा पायाशी एक रिकामी लोटी. पोरे एका जागी थांबत नव्हती, म्हणून मोजता आली नाहीत.

मोजणारी वेणू होती, भगवंत भोईरांची मुलगी. सोनिवलीच्या वाटेवरच्या या पाड्यातली ती पहिली बी.एस्सी. दोन वर्षे मुंबईला विद्यापीठाच्या आरोग्य विभागात काम करून ती आता त्याच विभागाला आपल्या खळ्यावर आणू पाहत होती. डॉक्टर येईपर्यंत हातांना काम नव्हते, आणि रिकामे बसले की मोजायची तिला सवय होती. हळदकुंकू तिने पाहिले आणि सोडून दिले. चैत्रात ते कुठेही दिसते.

काल संध्याकाळपर्यंत घर तीन भागांत होते. भगवंत आणि वेणू यांना खळ्याची जागा विभागाच्या नव्या आरोग्य केंद्राला द्यायची होती. दवाखान्याच्या दोन खोल्या, राहायला एक लांब पडवी, सुइणींचे आणि आयांचे वर्ग. डॉक्टरकीची मुले इथे महिना महिना राहणार आणि आसपासच्या पाड्यांवर जाऊन शिकणार व शिकवणार. भगवंतचा धाकटा भाऊ चंदू याला तीच जागा वीटभट्टीला भाड्याने द्यायची होती. दोघांची थोरली विधवा बहीण बनूबाई हिला भट्टी नको होती, पण विहिरीत पाणी शुद्ध करायची पावडरही नको होती. विहिरीत साती आसरा, पाण्याच्या देवी, राहतात, त्या बायांच्या अंगावर औषध कोण टाकणार, असे तिचे म्हणणे. चंदूची बायको चिमी कुणाच्याच बाजूला नव्हती. तिला कुणी विचारले नव्हते.

मग काल दिवेलागणीला बनूबाई आपणहून म्हणाली, "टाक तुझी पावडर. मी त्यांना सांगन."

"कुणाला, आत्ये?"

"ज्यांना सांगायचं त्यांना."

वेणूने पुढे विचारले नाही. इतक्या भांडणानंतर मिळालेला होकार तिला उलटापालटा करून पाहायचा नव्हता.

भगवंतची बैलगाडी बदलापूर स्टेशनकडून आली आणि तिच्यातून डॉ. शरदचंद्र प्रधान उतरले. विभागाचे प्रमुख, उंच, खादीचा कोट, गाडीच्या धक्क्यांनी किंचित वाकलेले. जागा ठरवण्याचे काम विद्यापीठाच्या समितीने त्यांच्यावर सोपवले होते. त्यांनी आधी विहिरीत पाहिले, मग आंब्याकडे, मग माणसांकडे, आणि वेणूकडे वळले.

"मिस भोईर, काल मी केंद्रासाठी उल्हासनगरची जुनी लष्करी बराक पाहून आलो."

"कशी आहे, सर?"

"चांगली आहे, तीच अडचण आहे. वीज आहे, नळ आहे, खाली सिमेंट आहे. आमचे इंजिनियर म्हणतात, उद्या खाटा टाका, परवा सुरू करा."

"आणि खेडं?"

"खेडं बघायला बसने जायचं, म्हणतात." डॉक्टर हसले. "मला केंद्र इथेच हवं आहे. पण तीस मुलं इथे राहणार, आणि समितीत पहिला प्रश्न येईल की ती पाणी कुठलं पितील. हे पाणी पावडरीने पिण्याजोगं होतं, एवढं मला छातीठोक सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर बराक."

"सांगता येईल, सर. गेल्या महिन्यात मी तपासलंय. तिसरा पेला निळा झाला."

"मग दाखवा सगळ्यांना."

वेणूने दाखवले. काळ्या पेल्यात चमचाभर ब्लीचिंग पावडर घालून तिची पेस्ट केली, खुणेपर्यंत पाणी ओतले आणि गाळ खाली बसू दिला. बादलीने विहिरीचे पाणी काढून सहाही पांढरे पेले भरले. काळ्या पेल्यातले वरचे निवळ पाणी पहिल्या पेल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे करत सहाव्यात सहा थेंब टाकले. प्रत्येक पेला वेगळ्या काडीने ढवळला.

"आता अर्धा तास थांबायचं," ती म्हणाली. "मग या बाटलीतलं औषध टाकायचं. ज्या पेल्यात निळा रंग येईल तो आपला."

"आपला म्हंजे?" शेजारच्या महिपतीने विचारले. महिपतीला कुठल्याही गर्दीत पहिला प्रश्न विचारल्याशिवाय चैन पडत नसे.

"महिपतीकाका, पावडर म्हणजे पंगतीला रांधलेला भात समजा. पाण्यातली घाण आधी जेवून जाते. ती जेवून टोपात भात उरला तरच निळा रंग येतो. पहिल्या पेल्यात एक टोप, सहाव्यात सहा. किती टोप रांधले की उरतो, ते हे पेले सांगतात."

"आणि सहा टोप खाऊन पन उपाशी असली तर?"

"तर ती घाण तुमच्या घरची," बनूबाई म्हणाली, आणि बायका हसल्या. तिने आज ठेवणीतले हिरवे लुगडे नेसले होते. तेही वेणूने पाहिले होते.

*

चंदू धावेच्या टोकाशी, सगळ्यांपासून दूर बसला होता. मोटेचे बैल त्याचे होते, त्यांना तो उगाच थोपटत होता.

भट्टीचे त्याला तितकेसे नव्हते. भट्टीवाला आला नसता तर त्याने दुसरे काही काढले असते. त्याला फक्त या विहिरीकडे कुणी डोळे बारीक करून पाहायला नको होते. दोन पावसाळ्यांपूर्वी पटकी आली तेव्हा त्याचा मुलगा बाळा दोन वर्षांचा होता. सगळे म्हणत होते पोराला पाणी पाजा, आणि चंदू दर वेळी याच विहिरीतून ताजे पाणी काढून नेत होता. शिळे नको म्हणून. पाड्यावर नंतर बोलले गेले की आसरांनी नेले. बाळंतपण भर पावसात झाले होते, चिमीने पहिल्यांदा विहिरीवर येताना ओटी भरली नव्हती, म्हणून. चंदूला ते खरे वाटत नव्हते, पण त्याने ते खोडूनही काढले नव्हते. आसरांनी नेले असेल तर त्याच्या हातातली घागर सुटत होती.

आता ही पोरगी पेले मांडून बसली होती. पाणी चांगले निघाले तर बोट पुन्हा चिमीकडे. वाईट निघाले तर घागरीकडे.

"काका, ये ना इकडे," वेणूने हाक मारली. "वेळ झाली."

"इथनं दिसतंय," तो म्हणाला. इथून काही दिसत नव्हते.

वेणूने प्रत्येक पेल्यात तीन-तीन थेंब टाकले आणि ढवळले. पहिला पेला तसाच राहिला. दुसरा तसाच. तिसऱ्यापाशी ती जरा जास्त थांबली. मग चौथा, पाचवा. सहाव्यापाशी डॉक्टरही वाकले.

"झाला का निळा?" महिपतीने विचारले.

"नाही."

"एक पन नाय?"

"एकही नाही."

गर्दी चुळबुळली. हे पाहून चंदू मात्र उठून आला. त्याचा चेहरा उतरला होता, आणि ते लपवायला तो मोठ्याने बोलला.

"पावडर कुठनं आनलीस?"

"उल्हासनगरहून. तीन नंबर कॅम्पातून."

"मंग झालं. चुना असंल. मना तिथं एकानं चपला दिल्या, स्टेशनापत्तूर पन नाय टिकल्या."

लोक हसले. वेणूने डबा उचलून दाखवला.

"डबा सीलबंद होता, काका. पण तुझं म्हणणं तपासता येतं."

तिने सहावा पेला धुतला, प्रयोगशाळेतून आणलेल्या बाटलीतल्या शुद्ध पाण्याने पुन्हा धुतला आणि त्याच पाण्याने भरला. काळ्या पेल्यातला एकच थेंब टाकला. मग बाटलीतले तीन थेंब. पेला ताबडतोब निळा झाला, दौतीत टाक बुडवावा तसा.

"पावडर चांगली आहे," ती म्हणाली. "चपलांचं मला सांगता येणार नाही."

"म्हणजे प्रश्न पाण्याचा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "महिन्यापूर्वी तिसरा पेला, आणि आज सहानेही भागत नाही. मिस भोईर, महिन्यात या विहिरीत काय पडलं?"

वेणूने खळ्याभर नजर फिरवली. ती पुन्हा मोजत होती. ओली बोटे. हिरवे लुगडे. अकरा बायका आणि अकरा लोट्या. पाणी भरायला आलेली बाई लोटी आणत नाही, घागर आणते. आणि लोटी आणलीच तर ती रिकामी घेऊन कशाला बसेल? ती विहिरीपाशी गेली आणि वाकून पाहिले. पाण्यावर सायीसारखा पातळ पांढरट पदर होता, त्यात पाच-सहा तांदळाचे दाणे आणि चाफ्याची एक पाकळी.

"आत्ये," ती म्हणाली, "सकाळी तू काय केलंस?"

"काय म्हंजे? जे करायचं ते." बनूबाई ताठ बसली. "नवं काम, देवीला विचारल्याबिगर कसं लागायचं? घरटी एक लोटी दूध बोलले मी. अकरा घरं, अकरा लोट्या. दही, गूळ. गोमूत पन शिंपडलं, जागा साफ होवाला. उजाडायच्या आत सगळ्या जनींना जमवून आनल्या. आसरांना बोलले, पोरीची पावडर येनार हाय, रागावू नका." तिने डॉक्टरांकडे पाहिले. "तुमच्या नावानं पन एक फूल वाहिलं, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसला. त्यांना हसायचे होते की नाही हे कळत नव्हते.

"आत्ये, दूध, गूळ, गोमूत्र, हे सगळं पावडर खातं," वेणू म्हणाली. "घाणीसारखंच. उलट जास्त."

बनूबाईने तिच्याकडे पाहिले, मग पेल्यांकडे.

"म्हंजे पंगतीला वऱ्हाड मी धाडलं."

"हो."

"अकरा घरांचं."

"हो, आत्ये."

"बनूबाय," महिपती म्हणाला, "केंद्र उल्हासनगरला पोचवलंस की गं तू. पायी धाडलं असतंस तरी एवढ्या लवकर नाय पोचलं."

या वेळी हसणारे थोडे होते. बनूबाईने लोटी उचलली आणि पदराने तिचा तळ पुसू लागली. तो कोरडाच होता.

ती लहानपणापासून सगळ्यांच्या आधी उठत आली होती. आई गेल्यावर भगवंतला आणि चंदूला तिने वाढवले, नवरा गेल्यावर पुन्हा याच घरात आली, आणि प्रत्येक कामात तिचा हात पहिला असे. आज पहिल्यांदा तिला वाटले की उशिरा उठले असते तर बरे झाले असते.

डॉक्टर घड्याळाकडे पाहत म्हणाले, "मी आज अंबरनाथला मित्राकडे मुक्कामाला आहे. उद्या सकाळी परत येतो. पण मिस भोईर, मला समितीत 'बहुधा' म्हणता येणार नाही. उद्या यांतला एक तरी पेला निळा पाहिजे."

"विहीर उपसली तर?" भगवंतने विचारले. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला.

"उपसा. जमेल का एका दिवसात?"

सगळ्यांनी चंदूकडे पाहिले. मोट त्याची, बैल त्याचे, आणि केंद्राला नाही म्हणणाराही तोच.

चंदूने बहिणीकडे पाहिले. ती अजून लोटीचा तळ पुसत होती.

"बाय," तो म्हणाला, "ठेव ती लोटी खाली. भोक पडंल." आणि बैल जुंपायला गेला.

*

मोट दिवसभर चालली. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर येई, थारोळ्यात धबकन ओती, आणि पांढरट पाणी पाटाने चंदूच्या वांगीच्या मळ्यात जाई.

"वांगी दुधाची होतील या साली," महिपती म्हणाला. चंदूने त्याच्या हातात कासरा दिला आणि सांगितले, "मंग हाक." महिपतीने हाकले. भगवंत आणि आणखी दोघे बादल्यांनी ओढत होते. अकरा बायकांनी स्वयंपाक वाटून घेतला. कुणी सांगितले नव्हते.

चिमी धुण्याच्या धोंड्यापाशी भांडी विसळत होती. इथे बसले की विहिरीची आतली बाजू दिसते, आणि पाणी उतरत गेले तशी ती जास्त दिसू लागली. भिंत वरून खालपर्यंत सुकत चालली होती, चैत्राच्या उन्हात दगड भराभर पांढरे पडत होते. फक्त एक भाग, काठावरून वाकले की दिसणारा, धोंड्याच्या बरोबर खालचा, ओलाच होता. हात दोन हात रुंद, शेवाळी हिरवा पट्टा, थेट पाण्यापर्यंत.

तिने विसळायचे थांबवले. जरा वेळाने पट्टा मंदावल्यासारखा वाटला. तिने घागर धोंड्यावर पालथी केली आणि वाट पाहिली. पट्टा पुन्हा चमकला.

"वेणू," तिने हाक मारली. हळूच, कारण मोठ्याने हाक मारायची तिची सवय मोडली होती. "इकडं ये जरा. हितनं बघ."

वेणू आली, तिच्या शेजारी उकिडवी बसली आणि पाहिले. मग पुन्हा पाहिले.

"किती वेळानं येतं?"

"आता ओतलं, आता आलं."

"नक्की हेच पाणी? की झरा असेल?"

"ते मना कसं कळंल?"

"कळवता येतं. पाण्याला रंग पाहिजे. काकी, घरात नीळ आहे?"

चिमी घरात गेली आणि धोतरांना लावायच्या निळीची पुडी घेऊन आली. दोघींनी ती बादलीत कालवली. चिमीने बादली उचलली, वेणूने हात पुढे केला तरी दिली नाही, आणि धोंड्यावर सगळी ओतली. मोट वरच थांबली, कारण महिपती आणि चंदूही पाहत होते.

निळे पाणी धोंड्यावरून पसरले, थोडे पाटात गेले, बाकीचे धोंड्याच्या कडेला चिरेत दिसेनासे झाले. मग विहिरीच्या आत, हिरव्या पट्ट्याच्या डोक्याशी, दोन दगडांच्या सांध्यातून निळे पाणी आले आणि भिंतीवरून खाली उतरले.

चिमी भिंतीकडे पाहत म्हणाली, "त्या पावसात महिपतीभावजींच्या आईला पयली पटकी झाली. आठवतं? तिची सगळी कापडं हितंच धुतली. रोज." तिने पदर खोचला. "बाळाला त्याच्या मागनं झाली."

महिपतीच्या हातातला कासरा ढिला झाला. आई त्याची वाचली होती.

"काकी," वेणू सावकाश म्हणाली, "त्यामुळेच झालं, हे मला सिद्ध करता येणार नाही. ते पाणी आता नाही. पण धोंड्यावरचं पाणी विहिरीत उतरतं, एवढं सिद्ध झालं."

"ओटीचं काय?"

"ओटीचा याच्याशी संबंध नाही."

"मना तेवढं पुरं," चिमी म्हणाली. मग आंब्याखाली बसलेल्या बनूबाईकडे वळून ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली, "ऐकलंत ना, वन्सं?"

बनूबाईने ऐकले होते. ओटी भरली नाही हे तिने कधी बोलून दाखवले नव्हते, पण बोलणाऱ्यांना कधी गप्पही केले नव्हते. ती उठली, विहिरीपर्यंत आली आणि वाकून तिने निळा ओघळ पाहिला.

"ऐकलं," ती म्हणाली. "चंदू, पहार आन."

"कशाला?"

"धोंडा हितं नको. त्या बाजूला न्या, मळ्याच्या उताराला. आज." मग तिने लोट्यांच्या रांगेकडे पाहिले. "आणि पुढं जिला आसरांची ओटी भरायची तिनं काठावर भरायची. आत काय टाकायचं नाय. देव्या हायत, त्यांना काठावरचं दिसतं."

"आणि गोमूत?" एकीने विचारले.

"ते तुझ्या अंगनात शिंपड."

चंदूने पहार आणली. धोंडा चौघांना हलत नव्हता. पाचवा महिपती आला, कासरा पोरांच्या हाती देऊन. धोंडा सुटला तेव्हा त्याखालची माती काळी होती आणि तिला कापडाचा जुना, आंबट वास होता. चंदूने ती माती घमेल्यात भरली, दूर नेऊन टाकली आणि परत येऊन विहिरीत उतरला. चिरेत चुना-विटांचा चुरा ठोकून बसवताना तो वरच्यांना म्हणाला, "नीळ धुवून टाकू का?"

"ओघळ राहू दे," वेणू म्हणाली. "तळातलं पाणी काढा."

वर आल्यावर तो चिमीच्या शेजारी बसला. हात चुन्याने पांढरे झाले होते.

"मीच पाजत होतो," तो म्हणाला. "तुना ठाऊक होतं ना?"

"घरातलं सगळ्यांनी तेच पानी पिलं," चिमी म्हणाली. "दुसरं होतं कुठं?" आणि हात धुवायला त्याच्यासमोर तांब्या धरला.

उजेड असेपर्यंत तळ लागला. तळात होते: नारळ, बांगड्यांच्या काचा, एक पितळी झारी, दोन घागरींचे कान, आणि गुडघाभर चिखल. सगळे वर काढले. मग माणसे घरोघर गेली आणि विहीर भरायला सोडून दिली.

*

सकाळी डॉक्टर आले तेव्हा विहिरीत चार फूट पाणी चढले होते. तळ दिसत होता. काठावर हळदकुंकवाची बोटे होती, एक चाफ्याचे फूल आणि खणाचा तुकडा, सगळे काठावर. बनूबाई शेजारी राखण करत बसली होती आणि बादली ओढणाऱ्या प्रत्येकाला "सांभाळून" म्हणत होती.

डॉक्टरांनी आत वाकून पाहिले. "हा निळा ओघळ कसला?"

वेणूने चिमीकडे पाहिले. चिमीने सांगितले. आधी अडखळत, मग हाताने धोंड्याची जुनी जागा दाखवत, मग नवी. निळीची पुडी किती होती हेही सांगितले. डॉक्टर तिच्या हाताच्या दिशेने पाहत ऐकत होते.

"हे विद्यार्थ्यांना कोण शिकवेल?" शेवटी त्यांनी विचारले.

"कनचं?"

"हेच. जसं मला सांगितलंत तसं."

"मी शिकलेली नाय."

"ते आले की त्यांना बसवा इथे आणि बादली ओता. बाकीचं मिस भोईर बघतील." ते भगवंतकडे वळले. "तेवढा ओघळ पुसू नका. केंद्र झालं, तर."

"होईल," भगवंत म्हणाला.

"जागेचं काय ठरलं? दोघं भाऊ आहात."

भगवंतने चंदूकडे पाहिले. चंदू नव्या जागेवर बसवलेल्या धोंड्याखाली पाचर मारत होता. त्याने मान वर केली नाही.

"भट्टीवाल्याला काल राती सांगून आलो," तो म्हणाला. "धूर होतो बोललो. पेशंट राहनार."

"पाहिलंत?" बनूबाई डॉक्टरांना म्हणाली. "अजून खोली नाय बांधली, तर याचे पेशंट आले पन."

वेणूने चादर अंथरली. काळा पेला, चमचा, खुणेपर्यंत पाणी. सहा पांढरे पेले भरले, थेंब टाकले, सहा काड्यांनी ढवळले. अर्धा तास कुणी उठून गेले नाही. महिपतीने एकही प्रश्न विचारला नाही. एकदा तो विचारायला लागला होता, पण बनूबाईने नुसते पाहिले.

अर्ध्या तासाने डॉक्टरांनी एकेक पेला उचलून उन्हाकडे धरला. नीळ आत उतरली नाही ना, हे त्यांना पाहायचे होते. सहाही पेल्यांतले पाणी बिनरंगाचे होते. त्यांनी पेले चादरीवर परत ठेवले आणि बाटली वेणूपुढे केली.

वेणूने ती चिमीच्या हातात दिली. "तीन थेंब, काकी. प्रत्येकात."

चिमीने तीन थेंब टाकले, ढवळले, आणि पुढच्या पेल्याकडे सरकली.

पहिला पेला पांढरा राहिला. दुसऱ्यात निळा रंग आला.